इंजिन चालतें, पण ओढीत नाहीं

पावसाळा भरांत आला कीं शहरांतल्या सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारांत गुडघ्याइतकें गवत माजतें, आणि सात-आठ महिने अडगळींत पडून राहिलेलें गवत कापण्याचें यंत्र बाहेर निघतें. दोरीचे चार हिसके दिले कीं तें सुरू होतें. मंद गतीनें फटफटत उभेंहि राहतें. पण माळ्यानें तें खांद्यास अडकवून गवताला लावलें, कीं आवाज बसतो, पातें रेंगाळतें आणि गुदमरल्यासारखें होऊन इंजिन बंद पडतें. खालीं ठेवून पुन्हां दोरी ओढावी, तर स्वारी पुन्हां ठणठणीत! मालकास वाटतें, यंत्र म्हातारें झालें. दुकानदार सांगतो, कार्ब्युरेटर बदला. शेजारच्या बंगल्यांतले गृहस्थ सांगतात, त्या कार्ब्युरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा आंत पिळा, म्हणजे घोडा धांवूं लागेल. हे तीनहि सल्ले बहुतेक वेळां चुकीचे ठरतात. आणि तिसरा तर असा आहे, कीं तो पाळणाऱ्यास थोड्याच दिवसांत पहिला सल्ला खरा झालेला पाहावयास मिळतो.

सुरूच न होणारें इंजिन आणि सुरू होऊन न ओढणारें इंजिन, हे दोन निराळे रोगी आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. पहिल्याच्या ठिकाणीं कशाचा तरी संपूर्ण अभाव असतो: ठिणगी नसते, पेट्रोल नसतें किंवा दाब नसतो. दुसऱ्याच्या ठिकाणीं सर्व कांहीं असतें, पण कांहीं तरी अपुरें असतें. तें अपुरें काय आहे हें शोधावयाचें, तर यंत्राच्या पोटांत काय चालतें हें थोडेंसें समजून घ्यावें लागेल.

टू-स्ट्रोक म्हणजे दोन ठोक्यांचें इंजिन. मोटारीच्या इंजिनांत हवा-पेट्रोल आंत घेणें, तें दाबणें, जाळणें आणि धूर बाहेर टाकणें या चार कामांना दट्ट्याच्या चार स्वतंत्र खेपा लागतात, आणि दारें उघडण्या-मिटण्यास झडपा असतात. दोन ठोक्यांच्या इंजिनांत तशा झडपाच नाहींत. सिलिंडरच्या भिंतींतच भोकें ठेवलेलीं असतात, आणि वर-खालीं करणारा दट्ट्या आपल्या अंगानें तीं झांकतो व उघडतो. दट्ट्याच्या खालची पेटी बंद असते. दट्ट्या वर गेला कीं या पेटींत पोकळी होऊन कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल आणि तेल यांचें मिश्रण ओढलें जातें. त्याच वेळीं वरच्या बाजूस आधींचें मिश्रण दाबलें जात असतें. ठिणगी पडते, दट्ट्या जोरानें खालीं येतो; येतां येतां प्रथम धुराचें भोंक उघडें पडतें व जळका वायु बाहेर झेपावतो; मग लगेच दुसरीं भोकें उघडतात आणि पेटींतलें दाबलेलें ताजें मिश्रण वर शिरून उरलेल्या धुरास बाहेर लोटतें. ही युक्ति इंग्लंडमधील बाथ शहराच्या जोसेफ डे या यंत्रकाराच्या कारखान्यांतली. त्याच्या पहिल्या इंजिनांत झडपा होत्या. त्याचाच एक कारागीर फ्रेडरिक कॉक यानें १८९२ सालीं आंत येणारी वाटहि दट्ट्याच्याच अंगानें उघडावयाची सोय करून त्यांना रजा दिली. तेव्हांपासून या जातीचें इंजिन इतकें साधें आणि हलकें झालें, कीं आज तें माणसाच्या खांद्यावर लटकूं शकतें.

पण साधेपणाची किंमत असते. या इंजिनास धूर बाहेर खेचणारा निराळा ठोका नाहीं. गवत कापण्याचें यंत्र पूर्ण वेगांत मिनिटास ९,००० फेरे घेत असेल, तर सेकंदास १५० फेरे झाले. आणि प्रत्येक फेऱ्यांत धुराचें भोंक उघडें असतें तें सेकंदाच्या सुमारें चारशेंव्या भागापुरतेंच. तेवढ्या अवधींत जुना वायु बाहेर गेला पाहिजे आणि नवा आंत आला पाहिजे. बाहेरची वाट अरुंद झाली, तर जुना वायु आंतच तुंबतो आणि नव्यास जागा उरत नाहीं. आगगाडीच्या डब्याच्या दारांत उतरणारे अडकले म्हणजे चढणाऱ्यांचें जें होतें, तेंच येथें होतें.

आतां मूळ कोडें उलगडतें. मंद गतींत इंजिन अगदीं थोडी हवा घेतें व थोडाच धूर सोडतें. तेवढ्यास अर्धवट बुजलेलें भोंकहि पुरतें. म्हणून जमिनीवर ठेवलेलें यंत्र निरोगी वाटतें. गवताचा भार पडून पूर्ण श्वास घेण्याची वेळ आली, कीं बुजलेली वाट उघडकीस येते. जिन्यावर दम लागणारा माणूस आरामखुर्चींत अगदीं धडधाकट दिसतो, तसाच हा प्रकार आहे. तेव्हां शक्ति कमी पडलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाची तपासणी म्हणजे मुख्यत्वें त्याच्या श्वासाची तपासणी होय. आणि ती स्वस्ताकडून महागाकडे, बाहेरून आंत अशी केली पाहिजे.

अगदीं बाहेरून आरंभ करावयाचा तर प्रथम मुठींतला खटका पाहावा. तो पूर्ण दाबला म्हणजे केबल ओढली जाते व कार्ब्युरेटरवरची लहानशी भुजा फिरते. वापरानें केबल सैल पडते. खटका हातांत पूर्ण दाबलेला असतो, पण भुजा दोन-तृतीयांशच फिरलेली असते. अशा इंजिनाचा कांहींच दोष नाहीं. त्यास पूर्ण हुकूमच मिळालेला नाहीं. इंजिन बंद ठेवून एकानें खटका दाबावा व दुसऱ्यानें ती भुजा शेवटच्या टेंकणास भिडते कीं नाहीं हें पाहावें. न भिडल्यास केबलच्या टोंकाची चाकी फिरवून ताण वाढवितां येतो. त्याच वेळीं चोक पूर्ण उघडा आहे ना, हेंहि पाहून घ्यावें.

मग कापणारें टोंक. नायलॉनच्या दोरीनें गवत कापण्याची कल्पना अमेरिकेंतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलास यांना १९७१ सालीं मोटार धुण्याच्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून सुचली. ती दोरी ठराविक लांबीचीच असावी लागते, म्हणून संरक्षक पत्र्याच्या आंतल्या बाजूस एक लहान पातें बसविलेलें असतें. दोरी वाढली कीं तें तिला कापतें. गवत अडकतें म्हणून पुष्कळ ठिकाणीं माळी हा पत्राच काढून ठेवतात. मग दोरी हातभर लांब होते, तिला हवेंतून फिरवितांनाच इंजिन थकून जातें, आणि लोक कार्ब्युरेटरकडे पाहत बसतात. शिवाय त्या पत्र्यावांचून उडालेला खडा डोळ्यापर्यंत सहज पोंचतो. तेव्हां शक्ति कमी पडो वा न पडो, पत्रा जागेवर बसवावाच. इंजिनाचा आवाज चढतो पण पातें मात्र चढत नाहीं, असें असेल तर तो क्लच घसरत असल्याचा दोष. तो इंजिनाच्या खात्यावर मांडूं नये. आणि पहिला अर्धा तास नीट चालून मग शक्ति गळत असेल, तर प्लास्टिकचें आवरण काढून सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांकडे पाहावें. तीं उष्णता हवेंत सोडण्यासाठीं असतात. त्यांच्या फटींत ओलें गवत आणि तेल यांची गादी बसलेली असते.

हवेच्या गाळणीबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. स्पंजाची असेल तर साबणाच्या पाण्यानें धुवावी, पूर्ण वाळवावी व निर्मात्यानें सांगितलें असल्यास दोन थेंब तेल चोळून बसवावी. कागदाची किंवा नमद्याची असेल तर झटकावी व फार मळली असल्यास बदलावी. गाळणी काढून टाकून यंत्र चालविणें मात्र कदापि योग्य नाहीं. तिच्यावांचून आंत जाणारी धूळ सिलिंडरला कानशीसारखी घांसते.

खरा चोर बहुधा दुसऱ्या टोंकास, सायलेन्सरांत, लपलेला असतो. पुष्कळ यंत्रांच्या सायलेन्सरच्या तोंडाशीं टपालाच्या तिकिटाएवढी एक बारीक तारेची जाळी असते. धुराबरोबर येणाऱ्या काजळीच्या ठिणग्या अडविणें हें तिचें काम. पेट्रोलांत मिसळलेलें तेल पूर्ण जळत नाहीं. त्याचा चिकट अंश या जाळीवर बसतो, त्यावर काजळी बसते, आणि दोन पावसाळ्यांत जाळीची चाळण न राहतां पत्रा होतो. गंमत अशी कीं ती पुष्कळदां दोन लहान स्क्रूंनीं बसविलेली असते व दहा मिनिटांत निघते. पण ती तेथें आहे हेंच मालकास ठाऊक नसतें. यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, आणि प्लगची तार काढून ठेवून, ही जाळी बाहेर काढावी. ती उजेडासमोर धरतांच निकाल लागतो. पकडींत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल केली म्हणजे काजळी जळून जाते. मग तारेच्या ब्रशानें झटकली कीं ती पुन्हां कामास येते. हें काम पेट्रोलची टाकी दूर ठेवून आणि शक्य तर उघड्यावर करावें. जाळी फेंकून देण्याचा मोह कारागिरांना होतो, तो आवरला पाहिजे. फाल्गुन-चैत्रांत वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरते.

जाळी साफ करूनहि फरक पडला नाहीं, तर सायलेन्सर दोन बोल्ट काढून उतरवावा. मग सिलिंडरचें धुराचें भोंक समोर दिसतें. निरोगी इंजिनांत तें स्वच्छ, नीट कडांचें असतें. रोगी इंजिनांत भोंवतीं कोळशासारखा कठीण थर जमून जुन्या नळाच्या तोंडासारखें आकसलेलें असतें. तें खरवडण्यापूर्वीं दोरी हळू ओढून दट्ट्या पूर्ण वर आणावा, म्हणजे त्याचें अंग भोंकास झांकतें व खपल्या आंत पडत नाहींत. खरवडण्यास बांबूची किंवा लांकडाची चपटी काडी घ्यावी. पेचकस घेऊं नये, कारण दट्ट्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो व पोलादाचा एक ओरखडा त्यास जन्मभर पुरतो. शेवटीं सर्व चुरा फुंकून किंवा पुसून काढावा आणि सायलेन्सर बसवितांना मधलें गास्केट फाटलेलें नाहीं, हें पाहावें.

हें काम महाराष्ट्रांतल्या शहरी घरांना अगदींच अपरिचित नाहीं. १९७२ सालीं बाजारांत आलेली लूना आणि त्याच सालची बजाजची चेतक, या दोन्ही टू-स्ट्रोक होत्या. चढावर गाडी ओढेनाशी झाली कीं सायलेन्सर उतरवून तो विस्तवांत जाळण्याचा विधि गल्लोगल्लीं चालत असे. कोणी तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत रात्रभर ठेवीत. ही दुसरी युक्ति पोलादी सायलेन्सरपुरतीच खरी. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो, म्हणून सिलिंडरच्या किंवा दट्ट्याच्या जवळ तो आणूंहि नये. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्याबरोबर तें ज्ञानहि घरांतून गेलें. यंत्राचा स्वभाव मात्र तोच राहिला आहे.

काजळी इतकी कां सांठते, याचें उत्तर बहुतेक वेळां पेट्रोलच्या डब्यांत सांपडतें. या इंजिनाच्या पोटांत तेलाचा निराळा सांठा नसतो. वंगण पेट्रोलांत मिसळूनच द्यावें लागतें. पुस्तिकेंत ५० ला १ असें प्रमाण असेल तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल, आणि २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. माळी अंदाजानें ओततो, आणि 'थोडें जास्त बरें' असें म्हणून ओततो. त्यांत त्याचा दोष थोडाच. मापाचें भांडें त्यास कोणी दिलेलेंच नसतें. जास्त तेलानें काजळी वाढतेच. शिवाय तेलानें जेवढी जागा अडविली तेवढें पेट्रोल प्रत्येक ठोक्यास कमी पोंचतें. तेल मोटारीचें असेल तर आणखी वाईट. त्यांतील कांहीं द्रव्यें जळल्यावर राख मागें ठेवतात. डब्यावर 'हवेनें थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीं' असें लिहिलेलेंच तेल घ्यावें. नौकेच्या इंजिनाचें तेलहि येथें चालत नाहीं, कारण तें इंजिन पाण्यानें थंड होतें व त्याच्या तेलास एवढी उष्णता सोसावी लागत नाहीं.

श्वासाची वाट मोकळी असूनहि इंजिन ओढीत नसेल, तर त्यास पेट्रोल पुरेसें मिळतें कीं नाहीं हें पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. पातें कशासहि लागणार नाहीं अशा रीतीनें यंत्र धरून खटका पूर्ण दाबावा आणि चोक किंचित् बंद करावा. चोक हवा कमी करतो, म्हणजेच पेट्रोलचें प्रमाण वाढवितो. तेवढ्यानें इंजिनास जोर आला, तर तें तहानलेलें आहे असें समजावें. उलट अधिकच गुदमरलें, तर पेट्रोल कमी नाहीं. एक तर तें जास्त जात आहे, किंवा श्वासाची वाट अजून कोठें तरी अडली आहे.

तहानेचीं कारणें टाकीपासून शोधीत यावीं. झाकणांत हवा आंत जाण्यासाठीं एक सूक्ष्म वाट असते. ती बुजली तर पेट्रोल उपसलें जातां जातां टाकींत पोकळी होते आणि पांच-दहा मिनिटांनीं पुरवठा तुटतो. शक्ति कमी होतांच इंजिन बंद करून झाकण सैल करावें. हवा आंत शिरल्याचा फुस्स आवाज आला व घट्ट बसवून पुन्हां सुरू केल्यावर कांहीं मिनिटें जोर टिकला, तर चोर सांपडला. टाकीच्या आंत नळीच्या टोंकास लोंबणारी गाळणी वांकड्या तारेनें बाहेर काढून बदलावी. तिची किंमत किरकोळ असते. नळी बोटांनीं वांकवून पाहावी. ताठ झालेल्या नळीस बारीक भेगा पडतात, आणि त्यांतून पेट्रोल गळण्यापेक्षां हवाच आंत ओढली जाते.

त्यापुढें कार्ब्युरेटर. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरांत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा असतो. माळ्याच्या हातांतलें यंत्र आडवें-तिरपें होतें, म्हणून येथें गोळ्याच्या जागीं रबरी पडदे असतात. एक पडदा दट्ट्याखालच्या पेटींतील दाबाच्या चढउताराबरोबर थरथरून पंपाचें काम करतो, आणि दुसरा लागेल तेवढेंच पेट्रोल आंत सोडतो. पंपाच्या झाकणाखालीं शर्टाच्या गुंडीपेक्षांहि लहान अशी एक जाळी असते. तिच्यावर बसलेला कचराहि इंजिनास उपाशी ठेवूं शकतो. पडदे नवे असतां मऊ असतात. वर्षानुवर्षें पेट्रोलांत राहून ते कागदासारखे कडक होतात. नवे पडदे आणि गास्केट यांचा संच मिळतो व तो सबंध कार्ब्युरेटरपेक्षां पुष्कळ स्वस्त असतो.

येथें हल्लींच्या पेट्रोलबद्दल सांगणें अवश्य आहे. भारतांत २०२३ पासून शेंकडा २० भाग इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें आणि २०२५ पर्यंत तें बहुतेक सर्वत्र पोंचलें. लहान टू-स्ट्रोक यंत्रांच्या कित्येक पुस्तिकांत मात्र शेंकडा १० पर्यंतच इथेनॉल चालेल, असें लिहिलेलें असतें. इथेनॉल म्हणजे मद्यार्क. तो जुन्या जातीचें रबर लवकर बिघडवितो आणि हवेंतील ओलावा ओढून घेतो. पाण्याचें प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलें कीं पाणी आणि मद्यार्क मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात व तळाशीं बसतात. वंगणाचें तेल वरच्या पेट्रोलाबरोबर राहतें. आणि टाकींतली गाळणी तर तळाशींच लोंबत असते! पावसाळी हवेंत दोन-तीन महिने डब्यांत राहिलेलें पेट्रोल इंजिनास घातलें, तर त्यास तेलाचा अंश जवळजवळ नसलेलें पाणीमिश्रित मद्य पाजण्याची वेळ येऊं शकते. म्हणून मिश्रण एका महिन्यापुरतेंच करावें, आणि जुनें पेट्रोल काचेच्या बरणींत ओतून तळाशीं निराळा थर दिसतो का, हें पाहावें.

आतां त्या शेजाऱ्याच्या स्क्रूकडे वळावें. कार्ब्युरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात: एक मंद गतीचा वेग ठरविणारा, एक मंद गतीचें पेट्रोल आणि एक पूर्ण गतीचें पेट्रोल ठरविणारा. हा शेवटचा स्क्रू घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें आंत पिळला कीं पेट्रोल कमी होतें. काजळीनें अर्धवट गुदमरलेल्या इंजिनांत हवा कमी जात असते, म्हणून त्या मानानें पेट्रोल जास्त झालेलें असतें. अशा वेळीं स्क्रू आंत पिळला तर इंजिन खरोखरच हुशारी दाखवितें, आवाज पातळ व तेज होतो आणि सल्ला देणारास शाबासकी मिळते. पण मूळ अडचण तशीच राहिलेली असते. शिवाय मघांशीं सांगितलेली गोष्ट येथें आठवली पाहिजे: या इंजिनाचें वंगण पेट्रोलांतूनच येतें. पेट्रोल कमी केलें म्हणजे तेलहि कमी केलें. शिवाय येणारें पेट्रोल वाफ होतांना इंजिनास थंडहि करीत असतें. तोहि आधार तुटतो. उष्णता वाढते, दट्ट्या फुगतो, तेलाचा पापुद्रा तुटतो, आणि एखाद्या दुपारीं भर कामांत दट्ट्या सिलिंडरला घट्ट चिकटतो. एका फेऱ्याच्या दुरुस्तीची किंमत सबंध इंजिनानें भरावी लागते. आणि पुढें नवें यंत्र येईपर्यंत माळ्याचा रोज बुडतो, तो निराळाच.

म्हणून गाळणी, जाळी, धुराचें भोंक, झाकण व नळ्या पाहिल्यावांचून या स्क्रूस हात लावूं नये. लावावाच लागला तर आधीं तो किती फेरे उघडा आहे तें मोजून लिहून ठेवावें, आणि चूक व्हावयाचीच असेल तर ती पेट्रोल जास्त देण्याच्या बाजूस व्हावी. कानास एक खूण शिकवितां येते. पूर्ण वेगांत, भार नसतांना, योग्य लावलेलें इंजिन किंचित् फुरफुरतें, जणू एखाद-दुसरा ठोका चुकत आहे. आणि गवतास लागतांच तें फुरफुरणें जाऊन स्वच्छ सूर लागतो. भार नसतांनाच ज्याचा सूर डांसाच्या गुणगुणण्यासारखा अखंड व तीक्ष्ण असेल, तें इंजिन तहानलेलें आहे. ऐकणारास हा सूर मोठा दमदार वाटतो, हीच त्यांतली मेख!

हें सर्व करूनहि शक्ति आली नाहीं, तर मात्र दाब पाहावा लागतो. दोरी सावकाश ओढली असतां प्रत्येक फेऱ्यास हातास स्पष्ट अडथळा लागला पाहिजे. ती सायकलच्या सुट्या चाकासारखी निर्वेध फिरत असेल, तर दाब गळत आहे. कारागिराजवळ दाबमापक असल्यास अंदाज आणखी नेमका होतो: चांगल्या इंजिनांत चौरस इंचास १२० ते १५० पौंड दाब सामान्यतः मिळतो, ९० च्या खालीं गेलेल्या इंजिनाकडून कामाची अपेक्षा ठेवूं नये. सायलेन्सर उतरलेला असेल तर त्याच भोंकांतून दट्ट्याचें अंगहि बघून घ्यावें. तें गुळगुळीत असेल तर उत्तम. धुराच्या बाजूस उभे ओरखडे असतील, तर इंजिन केव्हां तरी तहानेनें किंवा तेलावांचून तापलेलें आहे. हवेच्या बाजूस घांसलेलें असेल, तर गाळणीवांचून धूळ आंत गेलेली आहे. काजळीनें कडी आपल्या खांचणींत चिकटून बसली असेल, तर ती सोडवून दाब परत आणतां येतो. पण सिलिंडर खोल ओरबाडला गेला असेल, तर नवा सिलिंडर-दट्ट्या घ्यावा कीं नवें यंत्र, हा प्रश्न उरतो. साध्या, स्वस्त यंत्राच्या बाबतींत हिशेब पुष्कळदां नव्या यंत्राच्या बाजूनें लागतो.

ठिणगीचा उल्लेख इतक्या उशिरां येण्याचें कारण असें कीं शक्ति कमी पडण्यांत तिचा वाटा लहान असतो. ती बिघडली तर इंजिन बहुधा ठोके चुकवितें किंवा सुरूच होत नाहीं. तरीहि प्लग स्वस्त आहे. तो काढून पाहावा, दोन टोंकांतील अंतर पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें, बहुधा ०.६ मिलिमीटरच्या आसपास, ठेवावें. पंधरा-वीस मिनिटांनीं तापल्यावर एकदम बंद पडणारें व निवल्यावर पुन्हां सुरू होणारें इंजिन असेल, तर टाकीचें झाकण पाहून झाल्यावर ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे बोट दाखवितां येतें.

दुरुस्ती झाल्यावर यंत्रास दहा मिनिटें खऱ्या गवतांत पूर्ण खटक्यानें काम द्यावें, तसेंच एकदम बंद करावें, आणि निवल्यावर प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. दुधाच्या कॉफीसारखा तपकिरी रंग आला असेल तर मिश्रण ठीक आहे. काळें व ओलें असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जात आहे. पांढरट, कोरडें दिसलें तर त्या दिवशीं पुढें गवत कापूं नये. स्क्रू थोडा बाहेर फिरवून व नळ्या पुन्हां तपासून मगच यंत्र हातांत घ्यावें. आणि दिवाळीनंतर तें अडगळींत ठेवण्यापूर्वीं टाकी रिकामी करून, इंजिन मंद गतीनें आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें, म्हणजे पडद्यांपाशीं पेट्रोल उरत नाहीं; सायलेन्सरची जाळीहि त्याच दिवशीं काढून साफ करून ठेवावी.